उन्हाळा पोचला, झाडं पोचली नाहीत: आयलवर्थच्या भुंगेऱ्यांचं प्रकरण

पश्चिम लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी आयलवर्थ हा भाग आहे. हिमयुगात नदीने तिथे आणून टाकलेल्या खडीच्या थरांत काळपट, सेंद्रिय गाळाचा एक थर मिळाला. पात्रालगत कधी काळी साचून राहिलेल्या पाण्याचा हा तळ. त्यात बिया होत्या, परागकण होते, बायसन आणि रेनडियर यांची हाडं होती, आणि भुंगेऱ्यांच्या कवचांचे असंख्य तुकडे होते. रेडिओकार्बनने वय निघालं सुमारे 43,000 वर्षं, म्हणजे शेवटच्या हिमयुगाचा मधला काळ. ब्रिटनमध्ये या हिमयुगाला डेव्हेन्सियन म्हणतात आणि ते 11,700 वर्षांपूर्वी संपलं.

गाळातल्या वनस्पती आणि भुंगेरे एकाच पाण्यात, एकाच काळात साचलेले. त्या काळचं हवामान दोघांना विचारलं तर उत्तर एकच यायला हवं. तसं झालं नाही. परागकण गवताचे, लव्हाळ्यांचे आणि रानटी फुलझाडांचे होते. वृक्षांचे जवळजवळ नव्हतेच. उत्तर युरोपात उघडाबोडका, वृक्षहीन प्रदेश म्हणजे टुंड्रा आणि टुंड्रा म्हणजे कडाक्याची थंडी, असा हिशेब परागकणांच्या अभ्यासात रूढ होता. वृक्षांची उत्तरेकडची सीमा साधारणपणे जुलैच्या 10 अंश सरासरीच्या रेषेला धरून चालते. त्या हिशेबाने आयलवर्थचा जुलै 10 अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असायला हवा होता. भुंगेरे मात्र सांगत होते की जुलैची सरासरी 17-18 अंश सेल्सिअस होती. आजच्या लंडनचा उन्हाळा जवळपास तेवढाच असतो.

मोजमापातली बारीकसारीक चूक म्हणून सोडून द्यावी इतकी ही तफावत लहान नाही. सात-आठ अंशांत इंग्लंडचा लॅपलँड, म्हणजे युरोपचं थंडगार उत्तर टोक, होतो.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण त्यात खोटं कोणीच बोलत नव्हतं. परागकणांनी जे सांगितलं ते खरं होतं, भुंगेऱ्यांनी सांगितलं तेही खरं होतं. त्या दोघांचं न जुळणं हीच या गाळातली सर्वांत मोलाची माहिती ठरली.

अप्टन वॉरन

रसेल कूप (1930–2011) बर्मिंगहॅम विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ. 1950च्या दशकात ज्येष्ठ सहकारी फ्रेड शॉटन यांच्यासोबत ते वूस्टरशर परगण्यातल्या अप्टन वॉरन इथल्या खडीच्या खाणीत काम करू लागले. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यांचे भूशास्त्रीय नकाशे करण्यात ज्यांचा हात होता तेच हे शॉटन. खाणीत मॅमथ, लोकरी गेंडा, बायसन आणि रेनडियर यांची हाडं निघत होती. अशा ठिकाणी सगळ्यांची नजर हाडांवर खिळते. कूप यांना जिवंत भुंगेऱ्यांचीही पारख होती, त्यामुळे हाडांभोवतीच्या गाळात लकाकणारे बारीक तुकडे त्यांना दिसले आणि ते काय आहेत हे कळलंही. त्यातून पुढची पाच दशकं चाललेला अभ्यास उभा राहिला.

हिमयुगातले भुंगेरे त्याआधी कोणी पाहिलेच नव्हते असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतले सॅम्युएल स्कडर यांनी टोरँटो परिसरातल्या थरांतले भुंगेरे वर्णन केले. त्यांतल्या बहुतेकांना त्यांनी नव्या, नामशेष झालेल्या जाती ठरवून नावं दिली. मॅमथ नामशेष झाला, मग त्याच्या जमान्यातले किडेही झाले असतील, ही त्या काळाला साजेशी समजूत. तिने फार मोठं नुकसान केलं. जात आज अस्तित्वातच नसेल तर तिला कोणतं हवामान मानवत होतं हे कुणाला विचारणार? भुंगेऱ्यांचे जीवाश्म संग्रहालयात शोभेपुरते उरले, हवामानाच्या कामाचे राहिले नाहीत.

कूप यांनी तुकडे आजच्या नमुन्यांशेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला सुरुवात केली, तेव्हा चित्र पालटलं. कवचावरच्या रेघा, खळगे, केसांची मुळं, डोक्याचा आकार, सगळं हुबेहूब जुळत होतं. काही नमुन्यांत पोटाचा भाग शाबूत राहिल्यामुळे नराचं जननांगही मिळालं. भुंगेऱ्यांच्या जवळजवळच्या जाती ओळखण्यासाठी याच अवयवावर सर्वांत जास्त भिस्त असते, आणि तोही आजच्यासारखाच निघाला. हिमयुगातले हे भुंगेरे नामशेष झालेलेच नव्हते. ते फक्त राहायला दुसरीकडे गेले होते.

अप्टन वॉरनचा अभ्यास कूप, शॉटन आणि स्ट्रॅकन यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केला. लोकरी गेंड्याच्या सोबतीला कोणी कल्पना केली नव्हती इतका ऊबदार उन्हाळा भुंगेऱ्यांनी दाखवला. झाडं मात्र तिथेही नव्हती. एक शंका घ्यायला जागा होती. अप्टन वॉरन खाऱ्या पाण्याच्या झऱ्यांच्या पट्ट्यात येतं. जवळच्या ड्रॉइटविचमधून रोमन काळापासून मीठ निघत आलं आहे, आणि गाळातही खारवट जमिनीवर वाढणाऱ्या वनस्पती आणि तिथले भुंगेरे सापडले होते. मग मिठानेच झाडं रोखली नसतील कशावरून? आयलवर्थचं महत्त्व इथे आहे. तिथे मिठाचे झरे नाहीत, तरी तीच विसंगती, आणि आणखी ठळक. कूप आणि रॉबर्ट अँगस यांनी तो अभ्यास 1975 मध्ये मांडला.

गाळातून भुंगेरा काढण्याची रीत

ही रीत इतकी साधी आहे की आजही फारशी बदललेली नाही. काही किलो गाळ पाण्यात विरघळवून 0.3 मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर धुतात. चाळणीवर उरतो तो वनस्पतींचा चोथा आणि त्यात गुंतलेले किड्यांचे तुकडे. पाणी निथळल्यावर या चोथ्यात रॉकेल चांगलं कालवतात. भुंगेऱ्याच्या कवचावर मेणाचा अंश असतो, त्यामुळे रॉकेल त्याला धरून राहतं. पाण्याने फुगलेल्या वनस्पतींना ते तितकंसं धरत नाही. मग वरून थंड पाणी ओतलं की कवचं तरंगून वर येतात आणि बहुतेक चोथा तळाशी राहतो. वरचा थर ओतून घ्यायचा, साबणाच्या पाण्याने रॉकेल काढायचं, आणि अल्कोहोलमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तुकडा वेचायचा.

अखंड भुंगेरा क्वचितच हाती लागतो. मिळतं ते सुटं डोकं, छातीवरची ढाल, आणि पाठीवरचे कडक पुढचे पंख, ज्यांना पक्षवर्म म्हणतात. हे भाग काइटिन आणि कणखर झालेल्या प्रथिनांचे असतात. हवा न लागणाऱ्या ओल्या गाळात ते हजारो वर्षं कुजत नाहीत. कित्येकदा धातूसारखा निळा-हिरवा रंगही तसाच राहतो.

खरी मेहनत यानंतरची. ब्रिटनमध्येच भुंगेऱ्यांच्या सुमारे 4,000 जाती आहेत, जगात वर्णन झालेल्या 4,00,000 च्या आसपास. एका सुट्या पंखावरून जात ठरवायची तर पुस्तकातल्या जात ओळखण्याच्या किल्ल्या उपयोगी पडत नाहीत, कारण त्या पाय, मिशा आणि पोटासकट पूर्ण किडा समोर आहे असं धरून लिहिलेल्या असतात. शेजारी खरे नमुने लागतात, नीट ओळखलेले आणि दूरदूरच्या प्रदेशांतून गोळा केलेले. एखाद्या संग्रहालयात टाचणीला टोचलेल्या किड्यांचे खण जपले जातात आणि त्यांची जाण असलेला माणूस तिथे असतो, म्हणून हिमयुगाचं तापमान कळतं. संग्रहालयांचे खर्च कापताना हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं, याची मला मनापासून खंत वाटते.

झाडं कुठे होती?

आता मूळ प्रश्न. 18 अंशांचा जुलै आणि एकही झाड नाही, हे कसं?

पहिली शंका पुराव्यावरच घेतली पाहिजे. वृक्षांचे परागकण या थरात काही कारणाने टिकले नसतील, किंवा जवळपास राई असूनही नदीच्या काठचीच झुडपं नोंदली गेली असतील. या शंकेचं उत्तर भुंगेऱ्यांनीच दिलं, आणि या सबंध प्रकरणातला हा मला सर्वांत देखणा धागा वाटतो. साल पोखरणारे, लाकूड खाणारे, विशिष्ट वृक्षांची पानं कुरतडणारे भुंगेरे असंख्य आहेत. आसपास रान असेल तर ते गाळात येतातच. आयलवर्थच्या गाळात त्यांची जागा रिकामी होती. मिळाले ते गवताळ माळावरचे, शेणावरचे, दलदलीच्या काठचे आणि पाण्यातले. ऊबदार उन्हाळ्याची ग्वाही देणाऱ्या त्याच भुंगेऱ्यांनी झाडं नसल्याचीही ग्वाही दिली, त्यामुळे परागकणांवर संशय घ्यायचं कारण उरलं नाही.

दुसरी शंका अशी की ऊबदार भुंगेरे एखाद्या जुन्या थरातून वाहून आले असावेत. तसं असतं तर त्यांच्यासोबत थंडीतले भुंगेरेही मिसळलेले मिळाले असते, आणि जुन्या ऊबदार काळातले साल पोखरणारेही. आयलवर्थच्या समूहात अशी सरमिसळ नाही. उत्तर ध्रुवाकडच्या जाती तिथे जवळजवळ नाहीतच.

तिसरी शंका शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत गंभीर. कवच तेच राहिलं तरी किड्याचा स्वभाव बदलला नसेल कशावरून? आज उबेत राहणारी जात तेव्हा थंडी सोसत असेल. एकट्या जातीबाबत या शंकेला ठाम उत्तर नाही. पण गाळात एकटी जात नसते, डझनावारी जाती एकत्र असतात, आणि त्या सगळ्या एकाच प्रकारच्या हवामानाकडे बोट दाखवतात. स्वभाव बदलला असेल तर एकमेकांशी संबंध नसलेल्या इतक्या जातींचा एकाच दिशेने, एकाच मापाने बदलला असं मानावं लागेल. शिवाय आजच्यासारख्याच जाती आजच्यासारख्याच परिसरात एकत्र सापडतात: शेणातले शेणातल्यांबरोबर, वाहत्या पाण्यातले वाहत्या पाण्यातल्यांबरोबर. आवडीनिवडी बदलल्या असत्या तर ही संगत विस्कटली असती.

इतक्या उलथापालथीत या जाती बदलल्या का नाहीत, यावर कूप यांनी दिलेलं उत्तर पटण्यासारखं आहे. हवामान बदललं की भुंगेरा जागेवर राहून त्याच्याशी झगडत नाही, तो सरकतो. सरकताना लांबलांबचे कळप एकमेकांत मिसळत राहतात, त्यामुळे एखादा गट वेगळा पडून त्याची नवी जात व्हायला उसंतच मिळत नाही. वेगाने डोलणारं हवामान उत्क्रांतीला चालना देण्याऐवजी आहे त्या जातींना तसंच राखतं, हा निष्कर्ष त्या काळी पुष्कळांच्या गळी उतरला नाही.

पुरावा खरा मानला तर मग झाडांना अडवलं कोणी? मॅमथ आणि बायसन यांच्या कळपांनी रोपं खाऊन टाकली, हे एक उत्तर. त्यात तथ्य असू शकतं, पण ते पुरेसं नाही. सुमारे 1,25,000 वर्षांपूर्वीच्या ऊबदार काळात आजच्या ट्रफाल्गर चौकाच्या जागी पाणघोडे, हत्ती आणि गेंडे चरत होते, आणि तरी त्या थरांत ओक आणि हेझेलचे परागकण आहेतच. हिवाळा फार कडक होता, हे दुसरं उत्तर. पण पूर्व सैबेरियात जानेवारीची सरासरी उणे 40 अंशांच्या आसपास जाते आणि तिथे लार्चची जंगलं मैलोन्‌मैल पसरली आहेत. उन्हाळा ऊबदार असेल तर हिवाळ्याची थंडी सगळ्याच वृक्षांना थोपवू शकत नाही. कोरडेपणाचंही तसंच, पाण्यातल्या आणि दलदलीतल्या भुंगेऱ्यांची गर्दी पाहता निदान नदीकाठी ओल भरपूर होती, आणि झाडं आधी नदीकाठीच येतात.

राहतं एकच उत्तर: वेळ. कडक थंडीच्या काळात युरोपातले बहुतेक वृक्ष दक्षिणेकडे, आल्प्सच्या पलीकडे आणि बाल्कन प्रदेशात तग धरून होते. झाडाला चालता येत नाही. बी पडतं, रोप होतं, बी धरायच्या वयाला यायला वर्षं जातात, मग पुढचं बी थोडं पुढे पडतं. हिमयुग संपल्यानंतर वृक्ष उत्तरेकडे कसे सरकले याची नोंद युरोपभरच्या तळ्यांच्या गाळात आहे. बहुतेकांचा वेग वर्षाला काहीशे मीटर भरतो, काही जातींचा त्याहून जास्त. वर्षाला 500 मीटर धरले तरी 1,000 किलोमीटरला 2,000 वर्षं लागतात. भुंगेऱ्याला पंख आहेत, त्याची पिढी वर्षाची, आणि शेणातल्या किंवा शिकारी भुंगेऱ्याला झाडाची वाट पाहावी लागत नाही. त्याला उन्हाळा पुरतो.

म्हणजे आयलवर्थला थंडी ओसरून उन्हाळा इतक्या झपाट्याने आला की भुंगेरे पोचले आणि झाडं वाटेत राहिली. झाडं येण्याआधीच ऊब संपलीही. वृक्षहीन प्रदेशाने थंडी सिद्ध होत नव्हती. त्यातून सिद्ध होत होती ती ऊबदार काळाची घाई. परागकण आणि भुंगेरे यांच्यातली फट हे वेगाचं माप झालं.

या युक्तिवादात एक कच्चा दुवा आहे. अलीकडच्या संशोधनातून असं पुढे आलं आहे की काही काटक वृक्षांचे तुरळक पुंजके मध्य युरोपातही आडोशाच्या जागी टिकून होते. तसं असेल तर अंतर कमी होतं आणि झाडांना लागणारा वेळही. तरी अशा पुंजक्यापासून टेम्सच्या खोऱ्यात दाट रान उभं राहायला शतकं लागतातच. युक्तिवाद त्याने थोडा सैल होतो, मोडत नाही.

वेल्समधलं तळं

एका थरावर इतका मोठा निष्कर्ष उभा करायला कोणीही कचरेल. सुदैवाने असाच प्रसंग हिमयुगाच्या शेवटीही घडला, आणि तो काळ रेडिओकार्बनच्या सहज आवाक्यातला आहे. उत्तर वेल्समधल्या लिन द्वीपकल्पावर ग्लानलिनाई इथे वितळलेल्या बर्फाच्या खड्ड्यात तळं झालं आणि गाळ थरावर थर साचत गेला. कूप आणि ब्रॉफी यांनी 1972 मध्ये त्या गाळातले भुंगेरे खालपासून वरपर्यंत वाचले. तळाशी ध्रुवीय जाती, आणि मग एकाएकी त्यांच्या जागी आजच्या इंग्लंडात शोभतील अशा जाती. परागकणांत मात्र अजून गवत आणि खुरटी झुडपंच. त्यानंतर बर्चची झाडं वाढू लागली, आणि परागकणांवरून पाहणाऱ्याला वाटेल की आता कुठे ऊब आली. भुंगेरे नेमकं उलटं सांगत होते. बर्चचं रान पसरलं तोवर उन्हाळे उतरणीला लागलेले होते.

एकाच तळ्यात, एकाच उभ्या छेदात हा क्रम दिसल्यामुळे वेगवेगळ्या जागांची तुलना करताना येणारे आक्षेप उरले नाहीत. पुढे 1987 मध्ये टिम ॲटकिन्सन, कीथ ब्रिफा आणि कूप यांनी ब्रिटनमधल्या अनेक ठिकाणांचे भुंगेरे एकत्र करून गेल्या 22,000 वर्षांतल्या उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा आलेख मांडला. त्यात रेषा सावकाश चढत नाही, उभी चढते.

बर्फाने दिलेला दुजोरा

1970च्या दशकात हे ऐकून घेणारे थोडे होते. हिमयुगं पृथ्वीच्या कक्षेतल्या फरकांमुळे येतात-जातात आणि ते फरक हजारो वर्षांत घडतात. मग मध्येच काही दशकांत उन्हाळा सात-आठ अंशांनी कसा चढेल? किड्यांच्या तुकड्यांवरून केलेला हा दावा अतिशयोक्त वाटणं स्वाभाविक होतं.

ग्रीनलँडच्या हिमस्तरातून तीन किलोमीटर खोल काढलेल्या दोन बर्फाच्या गाभ्यांनी वाद मिटवला. युरोपीय चमूचं काम 1992 मध्ये आणि अमेरिकी चमूचं 1993 मध्ये तळापर्यंत पोचलं. बर्फातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, दिसलं की शेवटच्या हिमयुगात हवामान सुमारे पंचवीस वेळा एकाएकी ऊबदार झालं. विली डान्सगार्ड आणि हान्स ओश्गर या शास्त्रज्ञांच्या नावाने हे उबाळे ओळखले जातात. प्रत्येकाच्या सुरुवातीला ग्रीनलँडचं तापमान काही दशकांत 8 ते 16 अंश चढलं, मग शेकडो ते एक-दोन हजार वर्षांत उतरत गेलं. एकदम चढ आणि संथ उतार, हाच आकार भुंगेऱ्यांनी दाखवला होता, बर्फाच्या कितीतरी आधी.

याचं कारण बहुधा उत्तर अटलांटिक महासागरात आहे. दक्षिणेकडची ऊब उत्तरेला वाहून नेणारे प्रवाह कधी मंदावत, कधी पुन्हा जोर धरत, आणि समुद्रावरचं बर्फाचं आच्छादन त्याबरोबर मागे-पुढे होई. ब्रिटन त्याच समुद्राच्या तोंडाशी असल्यामुळे तिथल्या भुंगेऱ्यांना हे झटके थेट बसले.

18 अंश हा आकडा येतो कुठून

सुरुवातीला कूप हे काम अनुभवावरून करत: या जाती आज कुठे एकत्र राहतात, आणि तिथला जुलै किती ऊबदार असतो. पुढे याला शिस्त लावली गेली. प्रत्येक जात आज जिथे जिथे सापडते तिथलं सर्वांत उष्ण महिन्याचं सरासरी तापमान आणि उन्हाळा-हिवाळ्यातला फरक आलेखावर मांडायचा. त्यातून त्या जातीला मानवणाऱ्या हवामानाची एक चौकट मिळते. गाळातल्या सगळ्या जातींच्या चौकटी एकमेकींवर ठेवल्या की जिथे सर्व एकत्र येतात तो भाग म्हणजे तेव्हाचं हवामान. एखादी जात विरळ आहे की विपुल, याने फरक पडत नाही. ती होती एवढं पुरतं. हे मला या पद्धतीचं बळ वाटतं, कारण नदीचं पाणी कोणता तुकडा किती आणतं याचा भरवसा नसतो.

या हिशेबात पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांना मुद्दाम घेत नाहीत. ज्याचं पोट एखाद्या झाडावर आहे तो झाडाबरोबर उशिराच येणार, आणि मग झाडाचाच उशीर तापमान म्हणून मोजला जाईल. म्हणून फक्त शिकारी आणि कुजकं-शेण खाणारे घेतात. आयलवर्थचं कोडं सोडवताना जी समज आली ती अशी पद्धतीतच मुरली आहे.

उणिवाही आहेत. हिवाळ्याचं तापमान या मार्गाने नीट कळत नाही. अनेक भुंगेरे हिवाळा जमिनीत किंवा बर्फाच्या दुलईखाली काढतात. वर हवा उणे दहा आहे की उणे वीस, याचं त्यांना सोयरसुतक नसतं. त्यामुळे हिवाळ्याची चौकट फार रुंद येते. जातींची आजची ठिकाणंही पूर्ण ठाऊक नसतात, विशेषतः सैबेरिया आणि मध्य आशियातली. जिथे कोणी किडे गोळा केले नाहीत तिथे नकाशा कोरा राहतो, आणि तो कोरेपणा हवामानाच्या हिशेबात घुसतो.

ऊब ओसरल्यावर आलेला शेणकिडा

मध्य आशियाबद्दलच्या या अज्ञानाचा ठळक दाखला आयलवर्थनंतरच्या थरांत आहे. ऊब ओसरली, जुलै पुन्हा 10 अंशांकडे घसरला, हिवाळे सैबेरियासारखे झाले, आणि इंग्लंडच्या माळांवर नव्या जाती उतरल्या. त्यांत एक शेणकिडा इतका सर्रास आढळतो की त्या काळातला तो इंग्लंडचा सर्वसामान्य शेणकिडाच म्हणावा. युरोपात आज तो कुठेच नाही. 1973 मध्ये कूप यांनी त्याची ओळख पक्की केली: ॲफोडियस होल्डेरेरी. आज ही जात तिबेटच्या पठारावर, 3,000 ते 5,000 मीटर उंचीवर राहते.

तो तिबेटहून इंग्लंडला आला असं चित्र डोळ्यांसमोर येतं, पण ते बरोबर नाही. हिमयुगात युरोपपासून आशियापर्यंत थंड, कोरडे गवताळ माळ सलग पसरले होते आणि चरणाऱ्या जनावरांचं शेण सर्वत्र होतं. ही जात त्या साऱ्या पट्ट्यात असावी. हवामान बदललं, माळ तुटले, आणि उंच पठारावरचा तेवढा तुकडा तिला राहण्याजोगा उरला. एखादी जात आज जिथे आहे ते तिचं मूळ गाव असेलच असं नाही. तिबेटहून कोणी तिचे नमुने आणून संग्रहात ठेवले नसते तर इंग्लंडातला सर्वांत सामान्य शेणकिडा नामशेष म्हणूनच नोंदला गेला असता, स्कडर यांच्या भुंगेऱ्यांसारखा.

तारखेची अडचण

एक गाठ अजून पुरती सुटलेली नाही. ग्रीनलँडच्या बर्फातल्या पंचवीसपैकी नेमका कोणता उबाळा आयलवर्थला पोचला? रेडिओकार्बन दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. 43,000 वर्षांनंतर मूळच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपासच उरतो. अशा नमुन्यात आजच्या काळातला एक टक्का कार्बन मुळ्यांतून किंवा झिरपणाऱ्या पाण्यातून मिसळला, तर वय सुमारे 34,000 वर्षंच निघेल. आयलवर्थच्या तारखेला तिच्या मोजमापातूनच हजाराहून अधिक वर्षांची मागेपुढे सूट आहे, आणि रेडिओकार्बनची वर्षं सौरवर्षांत बदलताना ती आणखी काही हजार वर्षं मागे जाते. हे सगळं जमेस धरून तो बहुधा 12 क्रमांकाचा उबाळा मानतात. ग्रीनलँडमध्ये तो साधारण 46,800 वर्षांपूर्वी सुरू झाला आणि दोन-अडीच हजार वर्षं टिकला. लांबलेल्या उबाळ्यांपैकी हा एक, आणि तरीही टेम्सच्या काठी रान उभं राहिलं नाही. त्यानंतरच्या, 11 क्रमांकाच्या उबाळ्याचा (क्रमांक अलीकडून मागे मोजतात) दावा पूर्णपणे निकालात निघालेला नाही. तो त्याहून आखूड होता, म्हणजे तो निघाला तर झाडांना मिळालेला वेळ आणखी कमी भरेल.